एका घावातली लाकडं

उजाडायच्या आधी उठायचं, मागच्या दाराची कडी वाजू न देता काढायची, अनवाणी शेडखाली जायचं आणि लाकडं अर्धी फोडून ठेवायची. अर्धीच बरं का. पुरती फोडली तर सगळाच घोटाळा. गेली थंडी सरल्यापासून फौजदारीण हे रोज करत होती, आणि खरं सांगायचं तर तिचा जीव आता मेटाकुटीला आला होता.

फौजदारीण म्हणजे फौजदाराची बायको. आणि फौजदार म्हणजे कुणी पोलिसातला माणूस नव्हे, टेकडीवरच्या सरकारी विश्रामगृहाचा राखणदार. पण मिशा अशा, आवाज असा आणि रुबाब तर असा, की पूर्वी कुणा पाहुण्याने गमतीत फौजदार म्हणून हाक मारली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. चादरीवर सुरकुती दिसली तर हा माणूस घरफोडी झाल्यासारखी चौकशी करायचा. लोक बायकोला फौजदारीण म्हणायला लागले तेव्हा ती म्हणाली होती, "माझ्या हातात झाडू आहे बाबांनो, दंडुका नाही." पण ऐकतो कोण!

विश्रामगृह काही मोठं नव्हतं. पुढे व्हरांडा, आत खोल्या, मागे स्वयंपाकघर, आणि न्हाणीघराला लागून तांब्याचा मोठा बंब. टेकडीवर वीज यायची ती पाहुणीसारखी, लहर लागेल तेव्हा. त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याच्या आंघोळीचं पाणी बंबावरच तापायचं. डेपोतून ट्रक यायचा, त्यात हातभर लांबीचे कापलेले ओंडके असायचे. बंबाचं तोंड मात्र इतकंसं. त्यात घालायला ओंडक्याच्या मनगटाएवढ्या ढलप्या कराव्या लागत. फौजदाराचे केस काळे होते तेव्हापासून हे काम तो कुऱ्हाडीने करायचा, आणि करताना कुणी बघत असेल तर जरा जास्तच जोरात करायचा.

मग त्याला झटका आला. डावी बाजू गेली. देवाची दया म्हणून माणूस वाचला, वाचाही परत आली, पण डावा पाय ओढत चालायला लागला आणि डाव्या हाताची मूठ ढिली पडली ती पडलीच. लेक धावत आली, आईच्या गळ्यात पडून रडली, आणि जाताना पहिली गोष्ट काय केली असेल, तर कुऱ्हाड उचलून गाडीत टाकली. "बाबा, हातात पुन्हा कुऱ्हाड दिसली तर माझ्याशी गाठ आहे," म्हणाली. लेक बापावरच गेली होती.

पण फौजदार असा हार मानतो होय? त्याने स्वयंपाकघरातला भोपळा कापायचा सुरा घेतला. जाड पाठीचा, लांब पात्याचा. कपडे धुवायची जुनी मोगरी घेतली. स्टूल टाकून बसला, ओंडका समोर उभा केला, डाव्या हाताने सुरा त्याच्या डोक्यावर आडवा धरला आणि उजव्या हाताने पाठीवर मोगरी हाणली. युक्ती चांगलीच होती. चांगला हात असलेल्या माणसाने केली असती तर लाकूड मुकाट्याने दुभंगलं असतं. पण सुऱ्याची मूठ धरायची ती डाव्या हाताने, आणि ती मूठ दर घावाला वाकडी व्हायची. सकाळपासून दुपारपर्यंत बसून त्याच्याने एक ओंडका फुटला नाही. घामाने न्हाला, ओठ चावून चावून लाल केले. मग उठला, आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. जेवायला उठला नाही. "मी संपलो आता," एवढंच म्हणाला.

आयुष्यभर ह्या माणसाचा आरडाओरडा ऐकून तिचे कान किटले होते. पण ते भिंतीकडे केलेलं तोंड तिला बघवेना. आणि नुसतं तेवढंच नव्हतं. नोकरी होती म्हणून मागची खोली होती. राखणदाराला काम झेपत नाही असं ऑफिसला कळलं, की खोली रिकामी करा. हे त्यालाही ठाऊक होतं, तिलाही.

तर दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली. मोगरीला फाटक्या चादरीचा तुकडा गुंडाळला, आवाज नको म्हणून. तसा गोळ्यांमुळे तो गाढ झोपायचा, पण फौजदाराच्या झोपेवर भरवसा कोण ठेवणार! ओंडक्यावर सुरा ठेवला, दोन हलके ठोके देऊन बसवला, मग हाणलं. पातं पूर्ण आत गेलं की त्याचं टोक पलीकडून बाहेर दिसतं. मूठ दाबून धरायची आणि त्या टोकावर मारत राहायचं. भेग खाली खाली सरकते. आवाज बदलला, जरा बसका झाला, की थांबायचं. सुरा हलवून काढून घ्यायचा. ओंडका पुन्हा मिटतो आणि खालचं थोडंसं लाकूड नि साल त्याला धरून ठेवते. मग ओंडका फिरवून अशाच आणखी भेगा पाडायच्या, म्हणजे पुढे ढलप्याही सहज सुटतात. असे दिवसभराचे ओंडके तिने तयार केले आणि ढिगात पुढे रचून ठेवले.

सकाळी त्याला बळेच उठवून शेडखाली बसवलं. "एकदा करून बघा. नाही झालं तर नाही."

खाड! एका घावात दोन तुकडे.

त्याने मोगरीकडे पाहिलं, लाकडाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. दुसरा ओंडका घेतला. खाड! "अगं," तो ओरडला, "कालचा तो ओंडकाच नतद्रष्ट होता! हे बघ, लाकूड किती मस्त वाळलंय. बघ, आपसूक भेगा पडल्यात." त्या दिवशी तो दोनदा वाढून घेऊन जेवला, आणि तिने स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसले.

तेव्हापासून हे असं. फौजदार पाहुण्यांना बोलावून बोलावून दाखवायचा. "एका घावात! एका हाताने!" पाहुणे वा वा करायचे. आणि फौजदारीण मागे उभी राहून चादरी पिळायची. मनगटं सुजायची. उजवा खांदा रात्रभर ठणकायचा. त्याला वाटायचं उतारवय, आणि तो मायेने मलम चोळून द्यायचा, वर सांगायचा, "तू कामं कमी करत जा." आता ह्याला काय म्हणावं!

लेकीचा फोन यायचा. जावयाचं शिवणकामाचं दुकान होतं, दुकानामागे एक खोली रिकामी होती. "आई, या ना दोघं. तोही रोज विचारतो, आई-बाबा कधी येतायत?" फौजदार लांबूनच गरजायचा, "जावयाच्या दारात पथारी टाकू? मी मेल्यावर!" ती फोनवर म्हणायची, "बघू गं, पुढे बघू." पण फोन ठेवल्यावर तिच्या डोळ्यांपुढे ती खोली यायची. एक खाट. आणि त्या खाटेवर उन्हं अंगावर येईपर्यंत पडून राहिलेली ती. एवढंच. याच्यापुढे तिचं स्वप्न जात नव्हतं. हे तिने कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि अशात ऑफिसातून निरोप आला. नव्या मॅडम येणार, प्रत्येक विश्रामगृह स्वतः बघणार, राखणदाराला काम झेपतंय का ते पारखणार. झेपत नसेल त्याला मोकळं करणार.

"येऊ दे की," फौजदार मिशीवर हात फिरवत म्हणाला. "फौजदार अजून जिवंत आहे."

तिच्या मनात मात्र एक विचार आला, अगदी चोरपावलांनी. त्या दिवशी पहाटे आपण उठलोच नाही तर? काही करायचं नाही, नुसतं झोपून राहायचं. मग जे व्हायचं ते आपोआप होईल. खोली जाईल, आपण सुटू. विचार मनात आला तशी ती स्वतःवरच चिडली. मेल्या मना, नवऱ्याची चारचौघांत शोभा करायची तुला हौस आली काय! आणि आदल्या दिवशी पहाटे उठून तिने रोजच्या दुप्पट ओंडके फोडून ठेवले, म्हणजे मॅडम यायच्या दिवशी गडबड नको. मग पडदे धुवायला ती खालच्या टाकीवर गेली आणि ते वाळून निघेपर्यंत तिथेच राहिली.

इकडे फौजदाराने झाडझूड काढली. व्हरांडा पुसून घेतला, कुंड्या सरळ रेषेत लावल्या, बंब चिंचेने घासून लखलखीत केला. एका हाताने, पाय ओढत, घाम गाळत. शेवटी शेडखाली गेला आणि लाकडांच्या ढिगाकडे बघून त्याचं डोकंच फिरलं. पुढचे सगळे ओंडके भेगाळलेले! मॅडम म्हणतील, राखणदाराने लाकूड उन्हापावसात टाकून सडवलं. त्याने एकेक करत ते सगळे ओंडके मागे, भिंतीच्या कडेला नेऊन टाकले, वर गोणपाट घातलं, आणि मागचे गोल, गुळगुळीत, एकही भेग नसलेले ओंडके पुढे आणून असे रचले की फोटो काढावा. त्याला काय, कुठलंही लाकूड एका घावात! संध्याकाळी ती दमून आली तेव्हा त्याने व्हरांडा दाखवला, बंब दाखवला. शेड दाखवायची राहिली. अंधार पडला होता.

दुसऱ्या दिवशी, किती महिन्यांनी कुणास ठाऊक, ती उजाडेपर्यंत झोपली. काम कालच झालं होतं ना. जाग आली तेव्हा खिडकीत उजेड होता आणि अंग इतकं हलकं वाटत होतं की तिला क्षणभर आपण लेकीकडेच आहोत असं वाटलं.

मॅडम आल्या त्या सकाळच्या चहाच्या वेळेला. वयाने लेकीएवढ्याच. चेहरा प्रवासाने उतरलेला, पण बोलणं गोड. खोल्या पाहिल्या, पडदे पाहिले, "छान ठेवलंय हो काका," म्हणाल्या. फौजदाराची छाती फुगली. मग मॅडम जरा अवघडून म्हणाल्या, "तुमच्या तब्येतीचं कानावर आलं होतं. हे बंबाचं, लाकडांचं काम तुम्हाला जमतं का? खरं सांगा हं. मला काही कुणाला त्रास द्यायचा नाहीये."

"जमतं का?" फौजदार म्हणाला. "चला, दाखवतोच."

तो पाय ओढत पुढे, मॅडम मागे, आणि सगळ्यात शेवटी ओले हात पदराला पुसत फौजदारीण. शेडखाली पोचली आणि तिने ढीग पाहिला. सगळे ओंडके गोल, गुळगुळीत, भेग एकाला नाही.

"अहो," ती कशीबशी म्हणाली, "हे... ती पुढची लाकडं कुठायत?"

"ती फुटकी? टाकली मागे. मॅडमसमोर फुटकी लाकडं ठेवतात होय?" त्याने मॅडमकडे पाहून डोळे मिचकावले. "बायकांना काय कळतंय." मॅडमना हे फारसं आवडलं नसावं.

"अहो, राहू द्या आज. मॅडमना आंघोळीला उशीर—"

"अगं, एका घावाचं काम!"

त्याने ओंडका घेतला. त्यातल्या त्यात देखणा, गोल, गरगरीत, आणि पोटाला ही एवढी गाठ. तिला ती गाठ लांबूनच दिसली. तिने डोळे मिटून घेतले.

ठक.

सुरा बोटभर आत गेला आणि थांबला. फौजदार हसला. पुन्हा हाणलं. ठक. पुन्हा. पातं गाठीवर जाऊन बसलं, पुढे सरकेना, मागे येईना. त्याने टोकावर मारायचं म्हणून मोगरी उचलली, पण डाव्या हाताची पकड सुटली, सुऱ्याची मूठ वर उडाली आणि मोगरी सटकून त्याच्याच गुडघ्यावर बसली. पुन्हा मारलं. कपाळावरून घाम मिशीत उतरायला लागला. तो आपल्या डाव्या हाताकडे असा बघत होता की हा कुणाचा हात, इथे कसा आला.

"काका, राहू द्या," मॅडम हळूच म्हणाल्या. "असू दे."

"नाही, नाही, हे... लाकूड जरा... एक मिनिट मॅडम." त्याचा आवाज फाटला. "रोज होतं. हिला विचारा. रोज एका घावात होतं. सांग ना गं!"

तो तिच्याकडे बघत होता. मिशा तशाच होत्या, पण त्यांच्यामागचा माणूस पार विरघळला होता. तिला पुढचं दिसलं. पुन्हा ते भिंतीकडे केलेलं तोंड. आणि मग तिने विचार-बिचार काही केला नाही. पुढे झाली, म्हणाली, "सरका," आणि त्याच्या हातातून मोगरी घेतली.

ओंडका जरा फिरवला. सुरा हलवून सोडवला आणि गाठ टाळून कडेला लावला. दोन हलके ठोके. मग खांदा मागे घेऊन तिने एक दणका दिला, मूठ खाली दाबली, टोकावर दुसरा, तिसरा, आणि लाकूड कण्हत कण्हत उघडलं. अर्धा तुकडा उभा केला, सुरा, ठोका, त्याचे दोन. त्यांचे पुन्हा दोन. उरलेल्या गाठीला कडेकडेने छिलत नेलं. पायाशी ढलप्या पडत गेल्या, सगळ्या एकसारख्या, बंबाच्या तोंडात बरोब्बर जातील अशा. हात चालूच होते. एक संपलं तशी तिने सवयीने दुसरा ओंडका ओढला आणि तोही फोडला. मग एकदम तिच्या लक्षात आलं, आपण हे कुणासमोर करतोय.

तिने मान वर केली.

फौजदार लाकडाकडे बघत नव्हता. तो तिच्या हातांकडे बघत होता. तळव्यावरच्या घट्ट्यांकडे, सुजलेल्या मनगटांकडे. रोज रात्री ज्यांना मलम चोळत होता त्याच मनगटांकडे. मग त्याने मागे भिंतीकडे पाहिलं, जिथे गोणपाटाखाली ती फुटकी लाकडं पडली होती. माणूस हट्टी होता, मूर्ख नव्हता.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

तिने मोगरी पदराआड घेतली.

मॅडमना अर्धंमुर्धं कळलं असावं. त्या दोन पावलं पुढे आल्या, आणि त्यांचा चेहरा खरोखरच उजळला होता. "काकू, अहो, मग प्रश्नच मिटला! काम तुम्हीच करताय तर तुमच्याच नावावर करून टाकू. राखणदार तुम्ही. खोली तुमची तुमच्याकडेच राहील. काकांनाही कुठे जायला नको. माझ्या हातातलं आहे हे, मी नक्की करून देईन."

फौजदारिणीच्या काळजावरचा धोंडा उतरला. खोली वाचली. नवऱ्याला जावयाच्या दारात जावं लागणार नाही. लोक म्हणतील, बाईने घर राखलं. वाईट काय आहे यात? आणि त्याच श्वासाला तिला उद्याची पहाट दिसली, परवाची दिसली, त्याच्या पुढची दिसली. आता तर लपवायचीही गरज नाही. आता मोगरीला चादर गुंडाळायला नको. आता हे असंच, हात चालतील तोवर. तिने जन्मभर विचारेल त्याला 'हो' म्हटलं होतं. याही वेळी तोंड उघडलं ते 'हो' म्हणायलाच.

"नाही," फौजदार म्हणाला.

मॅडम दचकल्या. "काका, यात कमीपणा वाटून घेऊ नका. हल्ली बायका सगळीच—"

"कमीपणा नाही हो मॅडम. कमीपणा गेला खड्ड्यात." त्याने स्टुलाला धरून स्वतःला उभं केलं. आवाज नेहमीचा नव्हता, बारीक झाला होता. "ती दमलीय. तुम्ही नवीन माणूस बघा. आमचा जावई केव्हाचा बोलावतोय. आम्ही तिकडे जातो."

आणि फौजदारीण एकदम भडकली. का भडकली तिचं तिलाही कळलं नाही. "मला तोंड नाही का?" ती म्हणाली. "आजवर काय करायचं ते तुम्ही ठरवलंत, आता मी दमले की नाही हेही तुम्हीच सांगणार? मला विचारलंत?"

"नाही विचारलं," तो म्हणाला. "कधीच नाही विचारलं. आता विचारतो. दमलीस ना गं?"

काही नाही हो, मी काय दमतेय, हे उत्तर तिच्या ओठांवर तयार होतं. वर्षानुवर्षं तेच दिलं होतं. पण ते बाहेर येईना. ती फोडलेल्या लाकडांच्या शेजारी तशीच खाली बसली, मोगरी मांडीवर, आणि तिचे डोळे भरून वाहायला लागले. परक्या बाईसमोर रडायची लाज वाटत होती, पण थांबवता येत नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "फार दमलेय हो. फार म्हणजे फार."

मॅडम व्हरांड्याकडे निघून गेल्या. पोरगी शहाणी होती.

फौजदार खाली वाकला. उजव्या हाताने एकेक ढलपी उचलून डाव्या काखेत दाबायला लागला. दोन जमल्या, तिसरी घ्यायला गेला तर पहिली निसटून पडली. ती उचलली तर दुसरी पडली. मॅडमच्या आंघोळीचं पाणी तापायचं होतं आणि ह्या चालीने ते दुपारपर्यंत तापलं नसतं. फौजदारीण सवयीने उठायला गेली, एक हात जमिनीला टेकलासुद्धा.

"बस म्हणतो ना," तो म्हणाला.

तिने हात काढून घेतला आणि ती बसून राहिली.